लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्यातून माणुसकीकडे

धर्म बदलला म्हणजे माणूस बदलतो काय? हा प्रश्न आपल्याला गावातले लोक विचारतात, जुने सोयरे विचारतात आणि कधी कधी आपले मनही विचारते. दीक्षेचा दिवस येतो, पांढरी वस्त्रे नेसून आपण त्रिशरण-पंचशील घेतो, घरी येतो. दुसऱ्या दिवशी तीच चूल, तोच माठ, तीच नाती समोर उभी असतात. मग नेमके बदलायचे काय आणि बदलायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना दुसऱ्या धर्मात गेलेल्या एका बाईचे चरित्र पाहणे उपयोगी आहे. ही बाई जन्माने ब्राह्मण होती, पुढे ख्रिस्ती झाली आणि तिचे धर्मांतर घडले ते आपल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या भूमीत. तिचे नाव लक्ष्मीबाई टिळक. मराठी शाळेत शिकलेल्या पुष्कळांना हे नाव 'स्मृतिचित्रे' या पुस्तकामुळे ठाऊक असते. पण धडा पाठ करून परीक्षा दिली की आपण ते विसरतो. या बाईंच्या आयुष्यात जातीची गाठ कशी सुटली, तिकडे कोणी आपले लक्ष वेधत नाही. म्हणून हा लेख.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला. त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. धान्य धुवायचे हे समजू शकते, पण त्या घरात मीठ आणि साखरसुद्धा पाण्यातून काढली जाई. मीठ धुतल्यावर उरणार काय? पण विटाळाचे भय एकदा मनात शिरले की तेथे हिशेब चालत नाही. या भयाचा जाच घरातल्या बायकांना आणि मुलांना रात्रंदिवस सोसावा लागे. कोण कोणाला शिवले, कशाला हात लागला, याच्या चौकशीत त्या घरातला दिवस मावळे.

आपण अस्पृश्यतेचा विचार करताना नेहमी शिवाशिवीच्या एका टोकाला उभे असतो. पाणवठ्यावरून हाकललेला माणूस आपल्याला माहीत आहे, कारण तो आपला आजा किंवा पणजा होता. दुसऱ्या टोकाचे घर मात्र आपण आतून पाहिलेले नसते. लक्ष्मीबाईंनी ते आतून दाखवले. तेथे अन्न होते, मान होता, पण भयाची सुटका नव्हती. हे भय आणि आपल्या पूर्वजांचे हाल यांची बरोबरी होऊ शकत नाही. एकाला भय होते, दुसऱ्याला उपास आणि अपमान होता. तरीही दोन्ही एकाच दोराने बांधलेले होते, हे ध्यानात घ्यावे.

१८८० साली, अकरा-बारा वर्षांच्या वयात, मनकर्णिकेचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई लहानपणी गेली, बाप तापट. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. पुढे कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक, असे त्यांचे पाय एका जागी ठरत नसत. मन मात्र मोठे होते आणि कवित्व जातिवंत होते. हातात आलेला पैसा ते दुसऱ्याला देऊन मोकळे होत, आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाई सोसत. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या पत्नीला लिहावाचायला शिकवले ते टिळकांनीच.

टिळक हिंदू धर्मावर समाधानी नव्हते. जात खोटी आहे, देव एक आहे आणि माणसे सारी भावंडे आहेत, अशा तत्त्वांवर आपणच एखादा नवा धर्म काढावा, असे विचार त्यांच्या डोक्यात घोळत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणे झाले आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. गरिबांना, शोक करणाऱ्यांना, छळ सोसणाऱ्यांना धन्य म्हणणारा आणि वैऱ्यावरही प्रीती करा असे सांगणारा उपदेश त्यांच्या काळजाला भिडला. पुढे दोन वर्षे विचार करून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी परदेशी मिशनऱ्याकडून न घेता तुकाराम नथोजी या आपल्या देशातल्या पाळकाच्या हातून घेतला, हेही सांगण्यासारखे आहे.

पण या साऱ्यात घरची बाई कोठे होती? ती नवऱ्याच्या बरोबर नव्हती. बातमी कानी आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत, पण जातीतून गेलेला. कुंकू आहे, पण संसार नाही. लहान मुलगा दत्तू पदरात. आप्तांच्या आधाराने त्यांनी पंढरपुरात दिवस काढले. वियोगाची सुमारे चार वर्षे अशी गेली. टिळकांनी सत्य शोधले हे खरे, पण त्या सत्याची किंमत पहिल्यांदा त्यांच्या बायकोने आणि मुलाने मोजली.

येथे आपल्या धर्मांतराची आठवण होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती पत्नीला बरोबर घेऊन. लोक आले ते बायका-मुले, म्हाताऱ्या आया, सारे घरदार घेऊन. एकट्या पुरुषाने धर्म बदलून घरी वर्दी द्यायची, असे ते धर्मांतर नव्हते. टिळकांच्या घराची ताटातूट पाहिली म्हणजे या गोष्टीची थोरवी कळते.

टिळक अहमदनगरला आले. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे या शहरात १८३१ पासून होते. मुलींच्या शाळांसाठी नाव मिळवलेल्या मिस फॅरार येथल्याच. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली, हे आपल्याला माहीत आहे. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतले पुष्कळ महार आणि मांग या मिशनच्या द्वारे ख्रिस्ती झाले होते. म्हणजे टिळक ज्या समाजात आले, तो बहुतेक आपल्याच आजा-पणजांच्या भाऊबंदांचा समाज होता. ब्राह्मणवाड्यातून निघालेला पंडित महारवाड्यातून आलेल्या लोकांच्या पंगतीला बसला.

पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या. आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, संसारासाठी. त्यांनी आपले सोवळे बरोबर आणले. भोवती ख्रिस्ती वस्ती, नवरा ख्रिस्ती, आणि बाई मात्र आपले पाणी आणि आपला स्वयंपाक विटाळापासून जपून ठेवणारी. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. धर्म हा दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा पट्टा नाही, हे त्या माणसाला समजत होते. बायकोच्या सोवळ्याला त्यांनी जागा दिली आणि वाट पाहिली.

वाट पाहण्याचे फळ आले ते लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारातून. एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की जाती देवाने केल्या की माणसाने? प्रश्न साधा आहे. पण हजारो वर्षे या देशातल्या कोट्यवधी माणसांना तो विचारण्याची मुभा नव्हती. लक्ष्मीबाईंनी त्याचे उत्तर कोणत्या शास्त्रीबुवाकडे मागितले नाही, की मिशनऱ्याकडेही मागितले नाही. त्यांनी भोवताली पाहिले. पशुपक्ष्यांत निरनिराळ्या जाती आहेत आणि त्या डोळ्यांना दिसतात. गाय निराळी, घोडा निराळा. माणसांत तसा फरक कोठे दिसतो? जन्म सारखा, मरण सारखे, हाडामांसाचा देह सारखा, बरेवाईट समजण्याची बुद्धी सारखी. देवाला जाती करायच्याच असत्या, तर त्याने माणसाच्या देहावर तशी खूण केली असती. ती केलेली नाही. तेव्हा जाती माणसाने केल्या. आणि माणसाने केलेले माणसाने टाकले तर पाप कसले? त्यांनी ठरवले की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे.

उपासक-उपासिकांनो, हा विचार ऐकताच आपल्याला सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्ताची आठवण यावी. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागला, की माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की आचरणाने? वाद घेऊन ते भगवान बुद्धांकडे गेले. भगवंतांनी गवत, झाडे, किडे-मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी असे एकेक दाखवून सांगितले, की यांच्यांत जन्मजात निरनिराळ्या खुणा आहेत. माणसाच्या केसांत, डोक्यात, कानांत, डोळ्यांत तशी वेगळी खूण सापडत नाही. माणसामाणसांतला भेद हा नावाचा आणि धंद्याचा आहे. जो तीर चालवतो तो सैनिक, जो शेती करतो तो शेतकरी. ब्राह्मण ठरायचा तो आचरणाने.

कोठे अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो उपदेश आणि कोठे नगर जिल्ह्यात मिशनच्या वस्तीत राहणारी, कसेबसे लिहावाचायला शिकलेली ही बाई! लक्ष्मीबाई बोलतात त्या देवाच्या भाषेत, कारण त्यांची श्रद्धा निर्माणकर्त्या देवावर आहे. बुद्धांच्या उपदेशात निर्माणकर्त्याचे काही काम पडत नाही. वाटा दोन आहेत, पण दोघांचाही पुरावा एकच आहे, तो म्हणजे उघड्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस. पोथी बाजूला ठेवून माणसाकडे पाहिले, की जातीला उभे राहायला जमीन उरत नाही.

विचार पटला, तरी हाताला आणि जिभेला तो पटायला वेळ लागतो. लहानपणापासून जे अन्न ओवळे म्हणून शिकवले, ते पहिल्यांदा तोंडात घालताना अंगावर काटा येतो. लक्ष्मीबाई या त्रासातून गेल्या आणि त्यांनी तो लपवला नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम नीट पाहा. आधी जात सुटली, मग बाप्तिस्मा झाला. आधी माठ बदलला, मग नाव बदलले. आपल्यापैकी कित्येक घरांत हा क्रम उलटा झाला आहे. नाव केव्हाच बदलले, माठ अजून जुनाच आहे.

नव्या श्रद्धेने लक्ष्मीबाईंची जगाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली? ख्रिस्ती धर्माचा गाभा त्यांनी जड ग्रंथांतून घेतला नाही. देव हा बाप आहे, म्हणून सारी माणसे भावंडे आहेत, ही एक गोष्ट. आणि येशू हा सेवा करणारा प्रभू आहे, ही दुसरी. शुभवर्तमानात अशी कथा आहे, की मरणाच्या आदल्या रात्री येशूने कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. हे काम त्या काळी चाकराचे होते. लक्ष्मीबाईंच्या बापाने आयुष्यभर पाणी वापरले ते दुसऱ्याचा स्पर्श धुऊन टाकण्यासाठी. ज्याला त्यांनी प्रभू मानले, त्याने पाणी हाती घेतले ते दुसऱ्याचे धुळीने भरलेले पाय धुण्यासाठी. एकाच पाण्याचे हे दोन उपयोग आहेत. पहिल्यातून दुसऱ्याकडे जाणे, हेच त्यांचे धर्मांतर होते.

त्यांच्या घरावरून हे दिसू लागले. अहमदनगर आणि राहुरी येथल्या त्यांच्या बिऱ्हाडात कोणाचीही मुले येऊन राहत. निराधार पोर आले तर त्याची जात विचारली जात नसे, त्याची भूक विचारली जाई. बालकवी म्हणून पुढे नावारूपाला आलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे ब्राह्मण तरुण या ख्रिस्ती घरात मुलासारखे राहिले. नगरात प्लेग आला तेव्हा सख्खे नातेवाईक रोग्याजवळ जायला भीत होते. लक्ष्मीबाई मात्र रोग्यांच्या शुश्रूषेला गेल्या. जिच्या माहेरी मीठ धुऊन घेत, ती बाई प्लेगच्या रोग्याला हात लावत होती. धर्मांतराचा याहून वेगळा दाखला कशाला हवा?

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र म्हणजे नुसती स्तुती होईल. ख्रिस्ती धर्मात गेलेल्या सगळ्यांचीच जात सुटली असे घडले नाही. मंडळीत एका बाकावर बसणारे लोक लग्नाच्या वेळी महार कोण आणि मांग कोण याची चौकशी करीत राहिले. मिशनच्या पगारावर आणि परदेशी मदतीवर अवलंबून राहिल्याने मिंधेपण आले, ते वेगळेच. ही गोष्ट खुद्द टिळकांनाही सलत होती. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येऊ शकत होते. ख्रिस्ती धर्म या मातीत रुजायचा तर तो तुकोबांच्या वाटेने, या देशाच्या वेषात आणि भाषेत आला पाहिजे, असे त्यांचे मत होते. ते काम पुरे होण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तत्त्वाचा फरकही आपण विसरता कामा नये. लक्ष्मीबाईंना दुःखात आधार होता तो प्रार्थनेचा आणि देवाच्या कृपेचा. धम्मात दुःखाला कारण आहे, ते कारण शोधायचे आणि आपल्या प्रयत्नाने दूर करायचे, असे सांगितले आहे. म्हणून त्यांच्या जीवनातून आपण त्यांचे देवशास्त्र घ्यायचे कारण नाही. घ्यायचे आहे ते हे, की श्रद्धा जर खरी असेल तर ती स्वयंपाकघरापर्यंत पोचते.

टिळक गेल्यावर लक्ष्मीबाई रडत बसल्या नाहीत. काही काळ त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम केले, काही काळ त्या मुलाबरोबर कराचीत होत्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' या काव्याचे दहा-अकरा अध्याय लिहून ठेवले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि त्यांच्यामागे १९३८ साली ते काव्य प्रसिद्ध झाले. मुलाच्या, म्हणजे देवदत्त टिळकांच्या, आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी बाहेर आले आणि मराठी वाचकांनी ते डोक्यावर घेतले. पुढे त्याचे इंग्रजीतही भाषांतर झाले. त्या पुस्तकात कोठेही जळफळाट नाही. बापाचे वेड, नवऱ्याचा लहरीपणा, स्वतःचे सोवळे, सारे त्या हसत हसत सांगतात. स्वतःच्या जुन्या समजुतींना हसता येणे ही मन मोकळे झाल्याची खूण आहे. ज्याची जात अजून मनात आहे, तो तिच्यावर हसू शकत नाही, तो रागावतो.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंचा अंत झाला. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि आपल्या माणसांवर देवळाचे दरवाजे बंद झाले होते. याच जिल्ह्यातील येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. १९३६ मध्येच त्यांनी लिहून दाखवले, की जातीचे मूळ धर्मश्रद्धेत आहे आणि शास्त्रांचे पावित्र्य माणसाच्या मनातून गेल्याशिवाय जात जाणार नाही. एका बाईने आपल्या माठापाशी बसून जे एकटीपुरते ओळखले होते, ते बाबासाहेबांनी साऱ्या समाजापुढे मांडले आणि वीस वर्षांनी लाखोंच्या साक्षीने करून दाखवले.

ब्राह्मण घरातल्या बाईला धर्मांतर करताना मोठेपण टाकावे लागले. आपल्याला टाकायचा आहे तो मनात मुरलेला कमीपणा. आणि त्याबरोबर आणखी एक वस्तू टाकायची आहे. आपल्याहून खालचा म्हणून आपण ज्याला मानले, त्याच्यापुढचे आपले लहानसे मोठेपण. मातंग बंधूच्या घरचा चहा आपण घेतो काय? मुलीचे स्थळ पाहताना पोटजात विचारतो काय? देव्हारा माळ्यावर टाकला, पण आजारपणात गुपचूप अंगारा आणतो काय? बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावणे सोपे आहे. त्या चुलीपर्यंत नेणे हे घरातल्या माणसांनी मिळून करायचे काम आहे.

आणि हे काम घरातल्या बाईला सांगून होत नाही, तिच्याबरोबर बसून होते. टिळकांनी एकट्याने पाऊल उचलले तेव्हा घर मोडले, आणि बायकोला विचार करायला सवड दिली तेव्हा ते पुन्हा उभे राहिले. आपल्या घरातली आई, सासू, आजी जुने काही धरून बसली असेल, तर तिला हिणवू नका. रोज संध्याकाळी वंदना झाली की तिला बरोबर घेऊन बसा, वासेट्ठ सुत्तातली गोष्ट तिला सोप्या भाषेत सांगा आणि तिचा प्रश्न तिला विचारू द्या. लक्ष्मीबाईंना उत्तर कोणी दिले नव्हते. त्यांना प्रश्न पडू दिला, एवढेच.